हेडफोन निवडताना कानाचा विचार : प्रवासासाठी कोणता, घरासाठी कोणता?

"डॉक्टर, कानात घालायचा चांगला की कानावर बसणारा?" हा प्रश्न हल्ली आम्हा कान-नाक-घसा तज्ज्ञांना रोज विचारला जातो. विचारणाऱ्यांमध्ये कॉलेजची मुले असतात, रोज लोकलने जाणारे नोकरदार असतात, घरून काम करणारे असतात आणि मुलांच्या ऑनलाइन शिकवणीची काळजी असलेले पालकही असतात. दुकानात किंवा ऑनलाइन खरेदी करताना आपण किंमत, बॅटरी, बास आणि रंग पाहतो. कानाच्या दृष्टीने मात्र एकच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे : तुम्ही जिथे ऐकणार आहात, तिथे कमी आवाजात स्पष्ट ऐकू देणारा हेडफोन तुमच्यासाठी चांगला.

म्हणूनच एकच हेडफोन सगळीकडे योग्य ठरेल असे नाही. शांत खोलीत उत्तम वाटणारा हेडफोन धावत्या गाडीत कानाला त्रासदायक ठरू शकतो. असे का होते आणि निवड कशी करावी, ते या लेखात पाहू.

कानाच्या आत काय घडते?

आवाजाच्या लहरी कानाच्या नळीतून पडद्यापर्यंत जातात. पडदा हलतो, त्यामागची तीन छोटी हाडे ती हालचाल आतल्या कानापर्यंत पोहोचवतात. तिथे गोगलगायीच्या शंखासारखा एक अवयव असतो, त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या कंपनांचे विद्युत संदेशात रूपांतर करून ते मेंदूकडे जाणाऱ्या नसेला देणे हे त्यांचे काम.

मोठा आवाज बराच वेळ कानावर पडला की या पेशी थकतात. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेजवळून घरी आल्यावर कान बधिर झाल्यासारखे वाटतात किंवा शिट्टीसारखा आवाज येत राहतो, तो या थकव्याचा परिणाम. विश्रांती मिळाली तर बहुतेक वेळा ऐकू येणे पूर्ववत होते. पण असे वारंवार घडले तर पेशी मरतात. त्वचेच्या पेशी नव्याने तयार होतात, तशा माणसाच्या केसपेशी पुन्हा तयार होत नाहीत. गेलेली श्रवणशक्ती परत आणणारे औषध आज उपलब्ध नाही.

हे नुकसान दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. सुरुवातीला ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यातला, म्हणजे उंच पट्टीचा आवाज कमी ऐकू येऊ लागतो. स, श, फ, थ अशी व्यंजने पुसट होतात. समोरासमोर बोलणे कळते, पण लग्नाच्या हॉलमध्ये किंवा हॉटेलात शेजारच्याचे बोलणे नीट कळत नाही. "ऐकू येतंय, पण शब्द कळत नाहीत," अशी तक्रार घेऊन रुग्ण येतो, तेव्हा बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

डेसिबल आणि वेळ : आठवड्याचा हिशोब

कानावर होणारा परिणाम दोन गोष्टींवर ठरतो : आवाज किती मोठा आणि किती वेळ. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये फोन आणि म्युझिक प्लेअरसारख्या उपकरणांसाठी सुरक्षित ऐकण्याचे मानक जाहीर केले. त्यानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, तर मुलांसाठी ७५ डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही मर्यादा आहे.

यात एक नियम लक्षात ठेवायचा. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. प्रौढांसाठी हिशोब असा होतो :

- ८० डेसिबल : आठवड्याला ४० तास
- ८३ डेसिबल : २० तास
- ८६ डेसिबल : १० तास
- ९० डेसिबल : सुमारे ४ तास
- १०० डेसिबल : सुमारे २० मिनिटे

नेहमीचे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. अनेक फोन आणि हेडफोन पूर्ण आवाजात १०० डेसिबलच्याही पुढे जाऊ शकतात.

एक उदाहरण घेऊ. डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी जाणारी एखादी व्यक्ती जाऊन-येऊन रोज अडीच तास गाणी ऐकते. आठवड्यातले सहा दिवस धरले तर १५ तास झाले. आवाज ९० डेसिबल असेल तर आठवड्याची मर्यादा मंगळवारी घरी येतानाच ओलांडली जाते आणि शनिवारपर्यंत जवळपास चौपट मात्रा कानावर पडते. तीच व्यक्ती तेवढाच वेळ ८४ डेसिबलवर ऐकत असेल, तर ती मर्यादेच्या काठावर असते. ७५ डेसिबलवर ऐकत असेल तर काळजीचे कारण नाही. गाणी तीच, प्रवास तोच, फरक फक्त आवाजाचा. वर्षानुवर्षे रोज ऐकणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

आपण आवाज का वाढवतो?

बहुतेक जण हौसेपेक्षा नाइलाजाने आवाज वाढवतात. आजूबाजूचा गोंगाट जितका, त्याच्या वर गाण्याचा आवाज न्यावा लागतो, तरच शब्द कळतात. धावत्या लोकलमध्ये, एसटीत किंवा विमानात भोवतालचा आवाज ८० डेसिबलच्या आसपास सहज असतो. बाहेरचा आवाज आत येऊ देणारा हेडफोन अशा ठिकाणी घातला, की गाणे ८५-९० डेसिबलपर्यंत नेल्याशिवाय समाधान होत नाही. घरच्या शांत खोलीत तोच माणूस ६५-७० डेसिबलवर आनंदाने ऐकतो.

म्हणून हेडफोन निवडताना पहिला प्रश्न असा हवा : मी हा मुख्यतः कुठे वापरणार आहे आणि तिथला गोंगाट हा हेडफोन किती अडवतो?

हेडफोनचे प्रकार आणि कानाशी त्यांचे नाते

*कानाच्या तोंडाशी टेकणारे इअरबड :* कडक प्लास्टिकचे, रबरी टोपी नसलेले. फोनसोबत पूर्वी जे मिळायचे ते याच प्रकारचे. कानाची नळी बंद होत नाही, त्यामुळे बाहेरचा आवाज जवळपास जसाच्या तसा आत येतो. शांत घरात ठीक, गाडीत नको.

*नळीत बसणारे इन-इअर :* सिलिकॉनची किंवा फोमची टोपी असलेले. टोपी योग्य मापाची असेल तर बाहेरचा, विशेषतः उंच पट्टीचा आवाज बराच अडतो. प्रवासासाठी सोयीचे. मात्र ते नळी बंद करत असल्यामुळे घाम, दमटपणा आणि मळ यांचा त्रास होऊ शकतो.

*कानावर टेकणारे :* लहान गादीचे, हलके. गादी कानाच्या पाळीवर दाबली जाते, त्यामुळे तासाभरात कान दुखू लागतात. गोंगाट अडवण्याची क्षमता मध्यम.

*पूर्ण कान झाकणारे :* मोठ्या गाद्यांचे. कान आत मोकळा राहतो, नळीत काही जात नाही. मागून बंद असलेले बाहेरचा आवाज चांगला अडवतात. मागून जाळीदार, म्हणजे उघडे असलेले, आवाज अडवत नाहीत, पण शांत खोलीत त्यांचा आवाज मोकळा आणि नैसर्गिक वाटतो.

*हाडातून ऐकवणारे :* कानासमोरच्या हाडावर टेकतात, कान उघडा राहतो. चालताना, धावताना बाहेरचे ऐकू येते ही त्यांची जमेची बाजू. पण "पडद्याला धक्का नाही, म्हणून कान सुरक्षित" हा समज चुकीचा आहे. कंपने शेवटी त्याच कॉक्लियातल्या केसपेशींपर्यंत जातात. शिवाय कान उघडा असल्याने गोंगाटात आवाज वाढवण्याचा मोह अधिक होतो.

नॉइज कॅन्सलिंग म्हणजे काय?

१९७८ मध्ये झुरिकहून अमेरिकेला परतताना अमर बोस यांना विमानाच्या घरघरीत हेडफोनवरचे संगीत नीट ऐकू आले नाही आणि त्यांनी याच प्रश्नावर काम सुरू केले. त्यातून १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. आज हे तंत्र काही हजार रुपयांच्या इअरबडमध्येही मिळते.

हेडफोनवरचा छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि आतले यंत्र त्याच्या नेमक्या उलट लहरी तयार करते. दोन्ही लहरी एकमेकींना बऱ्याच प्रमाणात खोडून काढतात. याला अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन किंवा एएनसी म्हणतात.

हे तंत्र सलग, खालच्या पट्टीच्या आवाजावर चांगले चालते : विमानाचे इंजिन, एसटीची घरघर, गाडीच्या चाकांचा खडखडाट, पंखा, एसी. अचानक वाजणारा हॉर्न, मुलाचे रडणे, शेजाऱ्यांचे बोलणे यावर त्याचा परिणाम कमी होतो. तो उंच पट्टीचा आवाज अडवण्याचे काम टोपी किंवा गादी करते. म्हणून एएनसी आहे, पण टोपी सैल आहे, असा हेडफोन अर्धेच काम करतो.

खरेदी करताना एक गोष्ट नीट वाचा. अनेक स्वस्त इअरबडच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत "ईएनसी" लिहिलेले असते. ते वेगळे तंत्र आहे. फोनवर बोलताना तुमच्या माइकमधून जाणारा गोंगाट ते कमी करते. त्याचा फायदा पलीकडच्या माणसाला होतो, तुमच्या कानाला त्याने काही शांतता मिळत नाही. प्रवासासाठी घेत असाल तर "एएनसी" हा शब्द शोधा.

आणखी एक लक्षात ठेवा. एएनसी स्वतःहून कान वाचवत नाही. ते फक्त आवाज कमी ठेवण्याची संधी देते. एएनसी लावून आवाज पूर्वीइतकाच ठेवला तर काहीच मिळवले नाही.

प्रवासासाठी काय घ्यावे?

*लोकल, मेट्रो, एसटी :* योग्य मापाची टोपी असलेले, शक्यतो एएनसी असलेले इन-इअर. गर्दीत मोठा हेडफोन सांभाळणे कठीण जाते आणि उकाड्यात कान घामेजतात. एएनसीचे बजेट नसेल तर साधे वायरवाले इन-इअर घ्या, पण त्यासोबत तीन मापांच्या टोप्या मिळतात ना, ते पाहा. फोमची टोपी सिलिकॉनपेक्षा अनेकांच्या कानात अधिक घट्ट बसते.

*विमान आणि रात्रीचा लांबचा प्रवास :* पूर्ण कान झाकणारा, एएनसी असलेला हेडफोन सर्वांत आरामदायी. गाणी न लावता फक्त एएनसी चालू ठेवले तरी घरघर कमी होऊन थकवा कमी जाणवतो. विमान उतरताना कानात दडे बसत असतील, तर त्या वेळी नळीत बसणारे इअरबड काढून ठेवा, आवंढा गिळा, जांभई द्या किंवा गोळी चघळा.

*रस्ता आणि रेल्वे रूळ :* इथे नियम उलटा होतो. चालताना, सायकल किंवा दुचाकी चालवताना, फलाटाच्या कडेला आणि रूळ ओलांडायच्या जागी बाहेरचा आवाज ऐकू येणे हेच तुमचे संरक्षण आहे. एएनसी जितके चांगले, तितका धोका जास्त. स्टेशनवर उतरलात की दोन्ही इअरबड काढून डबीत ठेवण्याची सवय लावा. वाहन चालवताना हेडफोन वापरूच नये.

घरासाठी काय घ्यावे?

*गाणी, रियाज, सिनेमा :* खोली शांत असेल तर हलका, पूर्ण कान झाकणारा हेडफोन उत्तम. मागून उघडा प्रकारही चालेल. महागड्या एएनसीची गरज नाही. घर मुख्य रस्त्यावर असेल किंवा स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा आवाज सतत येत असेल, तर मागून बंद असलेला घ्या.

*घरून काम, तासन्‌तासाच्या मीटिंग :* वजन आणि दाब याकडे लक्ष द्या. डोक्यावर घट्ट बसणाऱ्या हेडफोनने कानशिले दुखतात, चष्म्याच्या काड्या टोचतात. मीटिंग नसताना हेडफोन काढा. घरी एकटेच असाल तर स्पीकरवर बोला. शक्य असेल तेव्हा दोन्ही कानांनी ऐका. एकाच कानात इअरबड घातला तर तेच बोलणे हळू वाटते आणि नकळत आवाज वाढवला जातो.

*आजी-आजोबांसाठी टीव्ही :* टीव्हीचा आवाज किती ठेवायचा यावरून अनेक घरांत रोज वाद होतो. अशा वेळी टीव्हीला जोडायचा बिनतारी, पूर्ण कान झाकणारा हेडफोन उपयोगी पडतो. त्यांना स्पष्ट ऐकू येते, बाकीच्यांना शांतता मिळते. बटणे मोठी आणि वापर सोपा असावा. ओठ आणि आवाज मागेपुढे होत नाहीत ना, हे घेण्याआधी टीव्हीला जोडून पाहा. मात्र टीव्हीचा आवाज पूर्वीपेक्षा वाढवावा लागतो आहे, हेच मुळी कान तपासण्याचे कारण आहे. हेडफोन म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. आधी ऑडिओमेट्री करून घ्या.

*मुलांसाठी :* मुलांच्या हेडफोनवर बहुधा "८५ डेसिबल मर्यादा" असे लिहिलेले असते. पालकांना ते पुरेसे वाटते. वरचा हिशोब मुलांच्या मर्यादेला लावला, तर ८५ डेसिबलवर आठवड्याला फक्त ४ तास मिळतात. म्हणून लेबलवर विसंबू नका. फोन किंवा टॅबमध्येच आवाजाची मर्यादा घाला. मूल शांत खोलीत अभ्यासाला बसेल असे पाहा, म्हणजे आवाज वाढवावा लागणार नाही. लहान मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, त्यामुळे त्यांना नळीत बसणारे इअरबड देऊ नका. कानावर किंवा कानाभोवती बसणारा हलका हेडफोन द्या.

*झोपताना :* कानात इअरबड घालून झोपण्याची सवय अनेकांना लागली आहे. कुशीवर वळल्यावर नळीच्या त्वचेवर दाब येतो, मळ आत ढकलला जातो आणि सगळी रात्र आवाज चालू राहतो. काही ऐकतच झोपायचे असेल तर छोटा स्पीकर हळू आवाजात ठेवा आणि अर्ध्या तासाचा टायमर लावा.

खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत?

*फ्रिक्वेन्सी :* "२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ" हा आकडा जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो. निरोगी तरुण कान साधारण एवढेच ऐकतो. त्यापुढचे मोठे आकडे पाहून जास्त पैसे मोजू नका.

*सेन्सिटिव्हिटी :* हा डेसिबलमध्ये दिलेला असतो. आकडा जितका मोठा, तितका तोच फोन, तीच खूण ठेवूनही आवाज मोठा येतो. नवा हेडफोन जुन्याच खुणेवर लावला आणि आवाज एकदम अंगावर आला, याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून नवा हेडफोन नेहमी आवाज अगदी कमी करूनच कानाला लावा.

*ड्रायव्हरचा आकार आणि "एक्स्ट्रा बास" :* मोठा ड्रायव्हर म्हणजे चांगला आवाज, असे समीकरण नाही. बास फुगवलेल्या हेडफोनमध्ये गायकाचे शब्द दबतात आणि ते ऐकण्यासाठी आपण आवाज वाढवतो. बोलणे, कीर्तन, पॉडकास्ट, बातम्या ऐकणाऱ्यांनी शब्द स्पष्ट ऐकवणारा हेडफोन निवडावा.

*वजन :* मोठे हेडफोन साधारण २०० ते ३०० ग्रॅमचे असतात. दोन-तीन तास घालायचा असेल तर ५० ग्रॅमचा फरकही मानेला जाणवतो.

घेण्याआधी ही चाचणी करा

१. शांत खोलीत ओळखीचे गाणे लावा. शब्द आरामात कळतील इतकाच आवाज ठेवा. फोनवर ती खूण कितव्या टप्प्यावर आहे ते पाहून ठेवा. ही तुमची घरची खूण.

२. आता गर्दीच्या जागी, दुकानाच्या दाराशी किंवा रस्त्याकडेला, तेच गाणे त्याच खुणेवर ऐका. शब्द कळतात का? कळत असतील तर तो हेडफोन प्रवासासाठी योग्य. आवाज बराच वाढवावा लागत असेल तर तो फक्त घरापुरता.

३. इन-इअर असेल तर सगळ्या मापांच्या टोप्या लावून पाहा. दोन्ही कानांच्या नळ्या सारख्या मापाच्या असतीलच असे नाही. उजवीकडे मध्यम आणि डावीकडे लहान टोपी लागणे अगदी स्वाभाविक आहे. टोपी नीट बसली की बाहेरचा आवाज एकदम कमी होतो आणि बास भरीव वाटतो.

४. चष्मा लावत असाल तर चष्म्यासकटच हेडफोन घालून पाहा. काड्यांमुळे गादीखाली फट राहते आणि गोंगाट आत येतो.

५. निदान १५ मिनिटे घालून ठेवा. दुखणे, खाज, गरम होणे जाणवले तर तो हेडफोन तुमचा नाही. ऑनलाइन घेताना परत करण्याची मुदत तपासा.

वापरताना घ्यायची काळजी

फोनमध्येच आवाजाला कुंपण घालता येते. आयफोनच्या सेटिंगमध्ये "हेडफोन सेफ्टी" या भागात डेसिबलची मर्यादा ठरवता येते. सॅमसंगसारख्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये "मीडिया व्हॉल्यूम लिमिट" ही सोय असते. फोनने दाखवलेले डेसिबल हे अंदाज असतात, पण सवय बदलायला ते पुरेसे आहेत. हे जमले नाही तर एक ढोबळ नियम पाळा : आवाज ६० टक्क्यांच्या आत आणि सलग ६० मिनिटांनंतर थोडी विश्रांती.

कानाची स्वच्छता हा दुसरा मुद्दा. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळी दमट हवेत कानात बुरशी होण्याचे प्रमाण वाढते. ओल्या कानात घट्ट टोपी घातली की बुरशीला पोषक वातावरण मिळते. त्यामुळे :

- आंघोळीनंतर किंवा पावसात भिजल्यावर कान कोरडे झाल्याशिवाय इन-इअर घालू नका.
- टोप्या काढून आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. फोमच्या टोप्या जुन्या झाल्या की बदला.
- इअरबडची जाळी कोरड्या मऊ ब्रशने साफ करा.
- आपले इअरबड दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याचे घेऊ नका. घरातल्यांचेही.
- मळ काढण्यासाठी काडी, पिन, इअरबड स्टिक वापरू नका. त्याने मळ आत सरकतो. कानात तेल ओतू नका आणि रस्त्यावर कान साफ करून घेऊ नका.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

कान वाहत असेल, पडद्याला छिद्र असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर नळीत बसणारे इअरबड टाळा. कान झाकणारा हेडफोनही डॉक्टरांना विचारूनच वापरा. वारंवार मळ साचणाऱ्यांनी, मधुमेह असणाऱ्यांनी आणि कानाच्या त्वचेला एक्झिमा असणाऱ्यांनीही नळी मोकळी राहील असा प्रकार निवडावा. मधुमेहात कानाच्या नळीतला साधा वाटणारा संसर्ग गंभीर होऊ शकतो. कारखान्यात, छापखान्यात किंवा बँडमध्ये काम करणाऱ्यांच्या कानावर आठवड्याचा बराचसा आवाज कामातच पडलेला असतो. त्यांनी प्रवासात शक्यतो कानाला विश्रांती द्यावी. कामाच्या जागी गाण्याचे हेडफोन हे संरक्षक इअरप्लगला पर्याय नाहीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*ब्लूटूथच्या लहरींनी मेंदूला धोका असतो का?*
ब्लूटूथ हेडफोन अतिशय कमी शक्तीच्या रेडिओ लहरी वापरतात, कानाला लावलेल्या मोबाइलपेक्षाही बऱ्याच कमी. त्यांच्यामुळे कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. आवाजाने होणारे नुकसान मात्र सिद्ध झालेले आहे. काळजी करायची तर ती आवाजाची करावी.

*महाग हेडफोन कानाला सुरक्षित असतो का?*
किमतीने सुरक्षितता येत नाही. ५०० रुपयांचा, नीट बसणारा वायरवाला इअरफोन कमी आवाजात वापरला, तर तो पूर्ण आवाजात वापरलेल्या २५ हजारांच्या हेडफोनपेक्षा चांगला.

*कानावर बसणारा घेतला म्हणजे नुकसान होत नाही ना?*
पडद्यापर्यंत पोहोचणारा आवाज सारखाच असेल, तर नुकसानही सारखेच. प्रकार बदलल्याने फायदा होतो तो आवाज कमी ठेवता आला तरच.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

- हेडफोन काढल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटणे किंवा शिट्टी, गुणगुण ऐकू येणे आणि ते दुसऱ्या दिवशीही राहणे
- गर्दीत बोलणे न कळणे, समोरच्याला वारंवार "काय?" विचारावे लागणे
- नेहमीची गाणी हळू वाटू लागणे आणि घरची खूण हळूहळू वर सरकणे
- कानात खाज, दुखणे, पाणी किंवा पू येणे
- चक्कर येणे

एक लक्षण मात्र थांबून पाहण्याचे नाही. एका किंवा दोन्ही कानांनी अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी आपल्याला विमानातून उतरल्यावर अचानक ऐकू येईनासे झाल्याचे स्वतः जाहीर केले होते. विषाणूसंसर्गामुळे श्रवणाच्या नसेवर परिणाम झाल्याचे निदान त्यांनी सांगितले आणि फार मोठ्या आवाजातील संगीत व हेडफोन यांबद्दल तरुणांना सावधही केले. अशा अचानक बहिरेपणाचे कारण हेडफोनच असते असे नाही. पण औषध लवकर, पहिल्या काही दिवसांतच सुरू झाले तर ऐकू येणे परतण्याची शक्यता वाढते. "मळ साचला असेल, बघू चार दिवस" म्हणून थांबल्याने ती संधी जाते.

थोडक्यात

प्रवासासाठी गोंगाट अडवणारा, घट्ट बसणारा, जमल्यास एएनसी असलेला हेडफोन घ्या. घरासाठी हलका, कान मोकळा ठेवणारा घ्या. रस्त्यावर आणि रुळांजवळ कोणताच नको. घरची खूण लक्षात ठेवा आणि प्रवासातही तिच्या फार वर जाऊ नका. रोज हेडफोन वापरत असाल तर वर्षातून एकदा श्रवणतपासणी करून घ्या. ही तपासणी दुखत नाही, साधारण अर्ध्या तासात होते आणि तक्रार जाणवण्याच्या आधीच सुरू झालेले नुकसान दाखवते. त्या टप्प्यावर आवाज कमी केला, तर उरलेले ऐकू येणे आयुष्यभर टिकवता येते.